साहित्य आणि कृती : पदार्थाचा पोत कोठे घडतो?



आयर्लंडच्या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला एरवी पाण्याखाली असणारे खडक उघडे पडतात. त्यांवर जांभळट तांबड्या रंगाचे, फाटे फुटलेले, वीतभरही उंच नसलेले एक शेवाळ वाढते. तिथले लोक त्याला कॅरागीन म्हणतात. शास्त्रीय नाव कॉन्ड्रस क्रिस्पस. हाताने खुडून आणलेले हे शेवाळ गवतावर पसरतात, धुतात, पुन्हा उन्हात टाकतात. असे चार-सहा वेळा झाले की त्याचा रंग उतरून ते पिवळसर पांढरे होते, आणि मग वर्षभर घरात राहते. दुधात मंद आचेवर शिजवून, गाळून, गार करायला ठेवले की दूध थिजते. किनाऱ्यावरच्या गरीब घरांत हे आजाऱ्याचे पथ्य होते, छातीच्या दुखण्यावरचे औषध होते. कॉर्क परगण्यातील शानागॅरी येथे मर्टल ॲलन यांनी १९६४ साली बॅलिमलू हाउस या आपल्या राहत्या घरात उपाहारगृह सुरू केले आणि हाच पदार्थ पाहुण्यांपुढे मानाने ठेवला. बॅलिमलूच्या कृतीत सुमारे ९०० मिलिलीटर दुधाला जेमतेम ८ ग्रॅम वाळलेले शेवाळ लागते, म्हणजे सैल मुठीत मावेल एवढे. त्याहून जास्त घातले तर पदार्थ रबरासारखा होतो आणि समुद्राचा वास येतो.

या शेवाळातून जे द्रव्य दुधात उतरते त्याला कॅरागीनन म्हणतात. युरोपातल्या खाद्यपदार्थांच्या वेष्टनांवर ते ई-४०७ या क्रमांकाने छापले जाते. चॉकलेटचे दूध, आइस्क्रीम, डब्यातले पुडिंग, सँडविचसाठी कापून मिळणारे हॅम अशा कितीतरी वस्तूंत ते असते. शानागॅरीच्या टेबलावर ज्याचे कौतुक होते, त्याच द्रव्याचा क्रमांक वेष्टनावर वाचून लोक पुडके परत ठेवतात. दोन्ही प्रतिक्रियांमागे एकच समज आहे: घटकांची नावे कळली की पदार्थ कळला. आज मला या समजाविषयी बोलायचे आहे. आपल्या पाकपुस्तकात प्रत्येक पदार्थाखाली दोन मथळे असतात, साहित्य आणि कृती. कारखान्यातून येणाऱ्या वेष्टनावर साहित्य छापलेले असते, कृती कधीच नसते. माझे म्हणणे असे की पदार्थाचा पोत मुख्यतः कृतीत घडतो. थिजवणारे द्रव्य किती तापले, किती वेळ तापले, कोणत्या क्षारांच्या संगतीत होते, निवताना ढवळले की स्वस्थ ठेवले, यावर तो ठरतो. म्हणून तयार खाद्यपदार्थांची पारख साहित्याच्या यादीवरून करणे अपुरे आहे, आणि पुष्कळदा दिशाभूल करणारे आहे.

पोताची परीक्षा आपली जीभ आणि दाढा जन्मभर करत असतात, पण शास्त्राने तिची दखल उशिरा घेतली. अमेरिकेतील जनरल फूड्स या कंपनीत काम करणाऱ्या अलिना श्चेस्नियाक यांनी १९६३ साली पोताचे वर्गीकरण मांडले. कठीणपणा, एकजीवपणा, लवचीकपणा, चिकटपणा हे गुण वेगळे काढता येतात आणि यंत्राने मोजताही येतात, हे त्यांनी दाखवले. चव आणि वास यांच्यामागे विशिष्ट रेणू असतात आणि ते बाटलीत भरून ठेवता येतात. पोताचे तसे नाही. पोत म्हणजे पदार्थाची आतली रचना, आणि रचना उभारावी लागते. थिजलेल्या पदार्थात हे फार स्पष्ट दिसते. शंभर भागांत नव्व्याण्णव भाग पाणी आणि एक भाग घन द्रव्य असले तरी तो ताटात उभा राहतो. त्या एका भागाचे लांबच लांब रेणू एकमेकांत गुंतून जाळे होते आणि पाणी त्या जाळ्यात अडकते. जाळे दाट आणि ताठ असेल तर पदार्थ ठिसूळ होतो, सैल असेल तर लुसलुशीत. आणि जाळे पुढे आवळत गेले की पाणी सुटते, हे दही लावणाऱ्या कुणालाही सांगायला नको.

कॅरागीननचे उदाहरण थोडे खोलात जाऊन पाहण्यासारखे आहे, कारण नाव एक आणि पोत अनेक हा प्रकार येथे जितका ढळढळीत आहे तितका क्वचितच सापडतो. हे द्रव्य म्हणजे गॅलॅक्टोज या साखरेच्या कड्यांची लांब साखळी, आणि तिला जागोजागी लागलेले सल्फेटचे गट. दोन कड्यांमागे साधारण एक सल्फेट असेल तर तो कॅपा प्रकार, दोन असतील तर आयोटा, तीन असतील तर लॅम्डा. सल्फेटांवर ऋणभार असतो. ते वाढले की साखळ्या एकमेकींना दूर ढकलतात. गरम पाण्यात तिन्ही प्रकारच्या साखळ्या सुट्या असतात. पाणी निवू लागले की कॅपाच्या साखळ्या पीळ घेतात आणि पोटॅशियमच्या साह्याने ते पीळ एकमेकांना बिलगतात. त्यातून कडक, ठिसूळ, कालांतराने पाणी सोडणारी वडी तयार होते. आयोटाला कॅल्शियम मानवते; त्याची वडी मऊ आणि लवचीक असते, पाणी सोडत नाही, आणि चमच्याने मोडली तरी थोड्या वेळाने पुन्हा जुळते. लॅम्डा कधीच थिजत नाही, फक्त दाटपणा देतो. वेष्टनावर मात्र तिघांचे नाव एकच, ई-४०७. आयर्लंडच्या खडकावरचे शेवाळ तर याहूनही पुढचे. या वनस्पतीच्या आयुष्यचक्रात दोन पिढ्या असतात, दिसायला जवळजवळ सारख्या. एका पिढीच्या शेवाळात कॅपा प्रकार असतो, दुसऱ्या पिढीच्या शेवाळात लॅम्डा. खुडणाऱ्या हातात दोन्ही मिसळून येतात. म्हणून घरच्या पातेल्यात थिजवणारे आणि दाट करणारे अशी दोन्ही द्रव्ये एकदम उतरतात, आणि घरगुती कॅरागीनच्या मऊपणाला तेही एक कारण आहे.

कारखान्यात काय होते? शेवाळ गरम अल्कलीत, म्हणजे तीव्र क्षारद्रावात, शिजवतात. साखळीत काही ठिकाणी सल्फेटमुळे बाक पडलेला असतो. अल्कलीने तो सल्फेट निघून जातो, त्या जागी आतल्या आत पूल बांधला जातो, साखळी सरळ होते आणि तिला नीट पीळ बसतो. परिणामी त्याच शेवाळातून अधिक कडक थिजणारे द्रव्य मिळते. कोणताही नवा घटक त्यात आलेला नसतो. कृती बदलली, एवढेच. उलट दिशेनेही हे खरे आहे: आम्ल आणि उष्णता एकत्र आली तर साखळ्या तुटतात आणि थिजण्याची ताकद जाते. म्हणून कॅरागीनच्या गरम काढ्यात लिंबू पिळायचे तर ते चुलीवरून उतरवल्यावर, ही जुनी खबरदारी रसायनशास्त्राच्या कसोटीला उतरते. आणखी एक गोष्ट. पाण्यात कॅपा थिजायला शेकडा अर्धा ते एक भाग लागतो, पण दुधात शेकडा दोन-तीन शतांश भागानेही काम होते, कारण दुधातल्या कॅपा-केसीन या प्रथिनाशी त्याची गाठ पडते. नावातले साम्य योगायोगाचे, पण गाठ खरी. चॉकलेटच्या दुधात लिटरमागे २०० ते ३०० मिलिग्रॅम इतके थोडे कॅरागीनन कोकोची पूड तळाशी बसू देत नाही, ते याच कारणाने.

कोकोची पूड तळाशी का बसते, याचे गणितही एका आयरिश माणसाने दिलेले आहे. स्लायगो परगण्यातील स्क्रीन या खेड्यात १८१९ साली जन्मलेल्या जॉर्ज गेब्रिएल स्टोक्स यांनी १८५१ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात द्रवातून खाली जाणाऱ्या गोल कणाचा वेग मांडला. कण जितका मोठा तितका तो वेगाने बसतो, आणि तेही आकाराच्या वर्गाच्या प्रमाणात. द्रव जितका दाट तितका वेग कमी. या नियमानुसार कण थांबवायचा तर दूध खूपच दाट करावे लागेल, आणि तसे दूध पिववणार नाही. कॅरागीनन येथे वेगळी युक्ती साधते. ते दुधात इतके नाजूक जाळे विणते की कोकोचा कण त्यावर तोलून राहतो, पण पेला तिरका करताच जाळे मोडते आणि दूध दुधासारखेच वाहते. मात्र ही युक्ती निवण्याच्या रीतीवर अवलंबून आहे. तेच मिश्रण तेवढ्याच कॅरागीननसह गरम असतानाच खोक्यात भरून न हलवता निवू दिले तर खोक्यात पुडिंगच्या जवळपास जाणारा थिजलेला गोळा मिळू शकतो. ढवळत निवविले, तर पिण्याजोगे दूध. साहित्याची यादी दोन्ही वेळा अक्षरशः तीच.

आपल्याकडचे उदाहरण हवे तर खरवसाचे घ्या. व्यायलेल्या गाई-म्हशीच्या पहिल्या चिकात निवळीतली प्रथिने, विशेषतः वासराला रोगापासून वाचवणारी, नेहमीच्या दुधाच्या अनेक पट असतात. वाफेवर ती उलगडतात, एकमेकांत गुंततात आणि कायमची जोडली जातात. खरवस पुन्हा तापवला तरी वितळत नाही. चीक मिळत नाही तेव्हा दुधात चायना ग्रास, म्हणजे अगार, घालून खरवसासारखी वडी पाडतात. तेही समुद्री शेवाळातूनच येते. ही वडी चाकूने सुरेख कापली जाते, पण खाताना फरक कळतो. अगार ८५ अंश सेल्सियसच्या आसपास वितळतो आणि ४० अंशांपर्यंत निवला की थिजतो. तोंडाच्या उबेने तो विरघळत नाही. दातांखाली त्याचे स्वच्छ तुकडे पडतात. जिलेटिन मात्र शरीराच्या उबेनेच वितळते, म्हणून त्याची जेली जिभेवर पाणी होते. हा झाला द्रव्याद्रव्यांतला फरक, आणि तो मी नाकारत नाही. पण खऱ्या चिकाच्या खरवसातही दोन घरांचे खरवस सारखे नसतात. चिकात दूध किती मिसळले आणि वाफ किती जोराची दिली यावर सगळे अवलंबून. वाफ जोराची असेल तर प्रथिने घाईने आवळतात, खरवसाला भोके पडतात, पाणी सुटते. मंद वाफेवर तोच खरवस लुसलुशीत होतो. घटकाने मर्यादा आखून दिली. त्या मर्यादेत नेमके कोठे पोहोचायचे ते कृतीने ठरवले. माझ्या सगळ्या मांडणीचा गाभा हाच आहे, आणि लॅम्डाची वडी पाडता येत नाही हे मान्य करूनच मी तो सांगतो आहे.

आयर्लंडमध्ये या गोष्टीचा सर्वांत मोठा पुरावा शेवाळात नाही, दुधात आहे. दूध ७२ अंशांवर १५ सेकंद तापवले तर जंतू मरतात, पण निवळीतल्या प्रथिनांना फारसा धक्का लागत नाही. अशा दुधात रेनेट, म्हणजे चीज बसवणारे विकर, घातले की ते केसीनच्या कणांवरचे केसाळ आवरण कापते, कण एकमेकांना चिकटतात, चांगला चक्का बसतो आणि त्याचे चेडर चीज होते. तेच दूध ९० ते ९५ अंशांवर पाच मिनिटे ठेवले तर निवळीतले बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन उलगडते आणि केसीनच्या कणांना जाऊन चिकटते. आता रेनेटने ते नीट बसत नाही, चीज बिघडते. पण विरजण लावले तर दही घट्ट, मऊ आणि पाणी धरून ठेवणारे लागते. दही लावण्याआधी दूध चांगले उकळून घेण्याची आपली रीत याच पायावर उभी आहे. एका कृतीतला गुण दुसऱ्या कृतीत दोष झाला.

त्यातही आयर्लंडची अडचण वेगळी होती. तिथल्या गाई बहुतांशी कुरणावर चरतात, आणि गवत वाढते त्या हंगामाशी मेळ बसावा म्हणून बहुतेक गाई वसंताच्या सुरुवातीला वितात. त्यामुळे देशातले जवळजवळ सगळे दूध एकाच वेळी म्हातारे होते. शरदाच्या अखेरीस आटत आलेल्या गाईंच्या दुधाचा चक्का कच्चा बसतो, निवळी नीट सुटत नाही, चीजमध्ये पाणी राहते. वर्षभर एकाच प्रतीचे चेडर द्यायचे तर दर महिन्याला कृती बदलावी लागते. वेष्टनावर जुलैच्या आणि नोव्हेंबरच्या चीजचे साहित्य सारखेच असते: दूध, मीठ, विरजण, रेनेट. फरक पडतो चक्का कापायची वेळ, कापण्याचा आकार, तापवण्याचा वेग यांत. कॉर्क परगण्यातील फरमॉयजवळच्या मूरपार्क संशोधन केंद्राने आणि कॉर्कच्या विद्यापीठाने या प्रश्नांवर कित्येक वर्षे काम केले आहे. मूरपार्क आज टीगास्क या राष्ट्रीय कृषी-अन्न संस्थेचा भाग आहे. कॉर्कचे प्राध्यापक पॅट्रिक फॉक्स यांनी १९८० च्या दशकापासून संपादित केलेले दुग्धरसायनाचे खंड आज जगभर अभ्यासले जातात. एका छोट्या देशाने आपल्या कुरणाच्या अडचणीचे ज्ञान करून दाखवले, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

कॉर्क परगण्यातीलच चार्लव्हिल येथे बनणाऱ्या चीजस्ट्रिंग्जची गोष्टही याच जातीची. मुले त्याचे दोरे सोलून खातात. त्यात दोरे करणारा कोणताही पदार्थ नसतो. चीज गरम आणि मऊ असताना एका दिशेने ताणले की प्रथिनांचे तंतू त्या दिशेत रांगेने बसतात, आणि निवल्यावर तसेच राहतात. १९७४ साली डब्लिनहून बाजारात आलेल्या बेलीज या मद्यात मात्र थिजणे हाच शत्रू आहे. साय आणि व्हिस्की एकत्र ठेवायची म्हणून सायीचे थेंब दाबाखाली बारीक फोडून त्यांच्याभोवती केसीनचे आवरण बसवतात. पण अशा मद्यात सायीतले कॅल्शियम मोकळे राहिले तर महिन्यांनी बाटलीत गुठळी होते. त्यावरचा उपाय म्हणजे कॅल्शियमला बांधून ठेवणारे सायट्रेट. चीजला जे कॅल्शियम हवे असते, तेच येथे पदार्थ बिघडवते.

शेवाळ आणि दूध या दोन मालांचा आयर्लंडमधला इतिहास शेजारी ठेवला तर कृतीचे मोल पैशातही दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर आयर्लंडहून गेलेल्या लोकांनी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या सिट्यूएट या किनाऱ्यावर कॅरागीन खुडण्याचा धंदा उभा केला. दुसऱ्या महायुद्धात जपानचा अगार मिळेनासा झाला तेव्हा अटलांटिकच्या शेवाळाला मागणी आली. कॉनमारा किनाऱ्यावर किलकिरन येथे १९४७ साली आरामारा ही कंपनी स्थापन झाली. ती तपकिरी शेवाळ वाळवून, दळून स्कॉटलंडला पाठवत असे. त्यातून अल्जिनेट निघे. ते न तापवताही कॅल्शियमच्या स्पर्शाने थिजते. म्हणजे खुडणे आणि वाळवणे आयर्लंडमध्ये, आणि पोत घडवण्याची विद्या दुसरीकडे. पुढे १९७० च्या दशकात, हवाई विद्यापीठाचे मॅक्सवेल डोटी यांच्या प्रयत्नांतून, फिलिपिन्समध्ये कॅपाफायकस आणि युकिमा या शेवाळांची शेती सुरू झाली, आणि आज जगाला लागणारे बहुतेक कॅरागीनन इंडोनेशिया आणि फिलिपिन्सच्या शेवाळातून येते. आपल्याकडे तमिळनाडूच्या किनाऱ्यावर भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेच्या तंत्राने तीच शेती होते. दुधाच्या बाबतीत मात्र आयर्लंडने कृती आपल्याकडे ठेवली. केरी परगण्यातील लिस्टोवेल येथे १९७२ साली केसीन काढण्याच्या कारखान्यातून सुरू झालेली केरी ही कंपनी आज जगभरच्या खाद्यउद्योगाला घटकद्रव्ये पुरवते. मॅक्रूम आणि कूटहिल येथील कारखान्यांतून लहान मुलांच्या दुधाची पूड परदेशी जाते. ती पूड करतानाही आटवलेले दूध यंत्रात थिजू न देणे हीच खरी विद्या आहे.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आणि गंभीर आक्षेप आरोग्याचा. कॅरागीननने आतड्याला इजा होते, असे कित्येक वर्षे बोलले जाते. प्राण्यांवरच्या ज्या प्रयोगांत ठळक इजा दिसली त्यांपैकी अनेकांत वापरलेले द्रव्य आम्लात तोडलेले होते. त्याच्या साखळ्या दहा ते वीस हजार डाल्टन एवढ्याच रेणुभाराच्या, म्हणजे आखूड, होत्या, तर खाण्याच्या कॅरागीननच्या साखळ्या साधारण दोन ते आठ लाख डाल्टनच्या असतात. म्हणूनच युरोपीय नियमांत पन्नास हजार डाल्टनखालच्या तुकड्यांचे प्रमाण शेकडा पाचच्या वर असू नये असे बंधन आहे. पण एवढ्याने मी आक्षेप उडवून लावणार नाही. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ साली शरीराच्या दर किलोमागे दिवसाला ७५ मिलिग्रॅम ही मर्यादा ठरवली, पण ती तात्पुरती म्हणूनच, आणखी अभ्यासाची मागणी करून. फ्रान्समध्ये नव्वद हजारांहून अधिक प्रौढांवरच्या पाहणीत २०२४ साली अधिक कॅरागीनन खाणे आणि स्तनांचा कर्करोग यांत संबंध आढळला. अशा पाहणीवरून कारण सिद्ध होत नाही, पण ती दुर्लक्षितही करता येत नाही. मला यातून निघणारा निष्कर्ष असा दिसतो: धोका असेल तर तो साखळीच्या लांबीवर, ती कशी काढली आणि पदार्थात पुढे तिचे काय झाले यावर अवलंबून असणार. म्हणजे सुरक्षिततेचा प्रश्नही शेवटी कृतीचाच प्रश्न आहे, आणि ई-४०७ हा क्रमांक त्याविषयी ग्राहकाला काही सांगत नाही. सावधगिरी बाळगणाऱ्याला मी दोष देत नाही. त्याने क्रमांकाला घाबरून थांबू नये, पुढचा प्रश्न विचारावा, एवढेच म्हणतो.

दुसरा आक्षेप फसवणुकीचा. हॅममध्ये खारे पाणी टोचून ते कॅरागीननने धरून ठेवायचे आणि मांसाच्या भावाने पाणी विकायचे, हे घडते, आणि ते वाईट आहे. पण दोष जाळ्याचा नाही, लपवण्याचा आहे. युरोपच्या २०११ सालच्या नियमानुसार मांसाच्या तुकड्यात शेकडा पाचपेक्षा जास्त पाणी घातले असेल तर ते पदार्थाच्या नावातच सांगावे लागते. ही दिशा बरोबर आहे, कारण तो नियम घटकाच्या नावापाशी न थांबता त्या घटकाकडून काय करवून घेतले ते उघड करायला लावतो.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. ब्राझीलचे कार्लोस मोन्तेरो आणि त्यांचे सहकारी म्हणतात की कारखान्यात अतिप्रक्रिया केलेल्या अन्नाचा वर्गच वेगळा, आणि घरात नसणारी द्रव्ये ही त्याची खूण. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २० जणांना दोन आठवडे असे अन्न आणि दोन आठवडे साधे अन्न हवे तेवढे खायला दिले. अतिप्रक्रिया केलेल्या अन्नावर माणसे दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती, आणि भरभर खात होती. हा पुरावा मी मान्य करतो. पण त्यात पोताचा वाटा किती, हे विचारले पाहिजे. मऊ, एकसारखे, चावायला न लागणारे अन्न पोट भरल्याची जाणीव होण्याआधीच खाल्ले जाते. असा मऊपणा कोणत्याही एका द्रव्याची खूण नाही. बारीक दळणे, जास्त शिजवणे, दाबाखाली फोडणे यांतूनही तो येतो. यादीतले अनोळखी नाव काढून टाकले आणि मऊपणा तसाच ठेवला, तर यादी स्वच्छ दिसेल आणि खाणे तितकेच होईल. कॅरागीनन काढून त्या जागी स्टार्च घालून 'स्वच्छ साहित्य' म्हणून विकता येते. ग्राहकाचा त्यात फायदा होतोच असे नाही.

आणि ज्याला चावताच येत नाही, गिळताच येत नाही, त्याचे काय? पक्षाघात, पार्किन्सन, स्मृतिभ्रंश या आजारांत घोट श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. साधे पाणी तिथे घातक ठरते, कारण ते फार वेगाने वाहते. येथे पोत हा चवीचा विषय राहत नाही, जिवाचा होतो. आयर्लंडच्या रुग्णालयांत आता यासाठी आंतरराष्ट्रीय आयडीडीएसआय पद्धत वापरतात. पेये आणि अन्न मिळून ० ते ७ अशा पायऱ्या आहेत. पेयाची चाचणी अगदी साधी: दहा मिलिलीटरची सिरिंज भरायची, दहा सेकंद वाहू द्यायचे, आणि किती उरले ते पाहायचे. एक ते चार मिलिलीटर उरले तर पहिली पायरी, चार ते आठ उरले तर दुसरी, आठच्या वर उरले, पण थोडे तरी वाहिले, तर तिसरी. दाट करायला स्टार्च वापरला तर लाळेतले अमायलेज तो फोडते आणि पेय तोंडात, चमच्यात, अर्ध्या प्याल्यात पातळ होऊ लागते. झँथन गम टिकतो. येथे अनोळखी नावाचे द्रव्यच रुग्णाच्या बाजूचे आहे.

हे सारे आपल्या घरांना लागू आहे. मराठी घरात पक्षाघाताच्या रुग्णाला पेज देतात, नाचणीची आंबील देतात, मऊ भात देतात. पेज गरम असताना एका पायरीवर असते, कोमट झाली की दुसऱ्या. वाटीत उष्टा चमचा फिरला की लाळेने पुन्हा पातळ होते. कोणत्या तांदळाची, किती पाण्यात, किती शिजवलेली, किती अंशांवर वाढलेली पेज कोणत्या पायरीत बसते, हे मोजून छापलेले कोष्टक रुग्णाच्या घरच्यांच्या हातात असायला हवे. परभणीच्या अन्नतंत्र महाविद्यालयाने, मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेने आणि आपल्या रुग्णालयांच्या आहार विभागांनी पेज, आंबील, खीर, मऊ खिचडी यांच्यापासून हे काम सुरू करावे आणि ते मराठीत, साहित्य आणि कृती या दोन्ही मथळ्यांखाली प्रसिद्ध करावे, अशी माझी या व्यासपीठावरून विनंती आहे. त्यातल्या पातळ पदार्थांसाठी लागणारी साधने म्हणजे दहा मिलिलीटरची एक सिरिंज, एक तापमापक आणि सेकंद दाखवणारे घड्याळ.